सिग्नलच्या कागदावरची चिठ्ठी

बुधवार, ५ फेब्रुवारी २०२५

पहिली बैठक झाली. पंधरा-सोळा जणी येतील असं वाटलं होतं, आल्या नऊ. त्यातल्या दोघी शिवणाचा क्लास आहे असं समजून आल्या होत्या. विषय कळल्यावर एकमेकींकडे बघून हसल्या, पण उठून गेल्या नाहीत.

रेल्वे कॉलनीच्या कम्युनिटी हॉलचं दार आतून लावायचं आणि दुपारी तीन ते साडेचार फक्त बायकांनी स्वतःच्या शरीराबद्दल बोलायचं. पाळी, ती थांबणं, अंगावरून जाणं, नवरा-बायकोचे संबंध, सगळं. उत्तरं देणार सुलोचनाताई. त्या रेल्वेच्या दवाखान्यात मेट्रन होत्या, निवृत्तीनंतर जयपूरलाच राहिल्या. माझ्याकडे सतरंज्या, चहा आणि डबा. डबा म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा, झाकणाला चीर पाडलेला. ज्यांना तोंडाने विचारायला जड जातं त्यांनी घरून चिठ्ठी लिहून आणायची, नाव घालायचं नाही. मी डबा घरी नेऊन चिठ्ठ्या लावून ठेवणार, पुढच्या बुधवारी मोठ्याने वाचणार आणि लगेच फाडणार. हे मी सगळ्यांसमोर कबूल केलं.

कल्पना अर्धी अश्लेषाची. ती माझ्याहून आठ वर्षांनी लहान, मिरजेची. तिचा नवरा कौशिक आमच्या यांच्या, राजरत्नच्या, हाताखाली सिग्नल विभागात आहे. दारं समोरासमोर. तिने सतरंज्या झाडल्या आणि म्हणाली, "ताई, तुम्ही झूलॉजी शिकलात ना? मग तुम्हाला काय लाज?"

मी हसले. भुसावळच्या कॉलेजात बेडकाची जननसंस्था पाठ केली होती, आकृतीसह. त्या ज्ञानाचा मला आजवर काडीचा उपयोग झालेला नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

सात चिठ्ठ्या. एक गोष्ट लक्षात आली आणि ती नीट लिहून ठेवायला हवी.

आमच्या कॉलनीत कोरा कागद कोणी विकत घेत नाही. ऑफिसातले रद्द झालेले फॉर्म घरी येतात, त्यांच्या पाठीवर वाणसामान, मुलांची गणितं, दूधवाल्याचा हिशेब. चिठ्ठ्याही त्यावरच आल्या आहेत. उलटून पाहिलं तर एक लोकोच्या फॉर्मवर, एक हिशेब विभागाच्या, दोन कमर्शियलच्या. म्हणजे नाव नसलं तरी कोणाच्या घरून आली ते अर्धं कळतंच.

पाठची बाजू बघायची नाही असं मी ठरवलं. हे सगळ्यांना सांगावं का? सांगितलं तर निम्म्या चिठ्ठ्या बंद होतील. नाही सांगितलं. हा विचार त्यांच्यासाठी केला की डबा भरलेला दिसावा म्हणून? दुसरंच असावं, थोडं तरी.

सोमवार, १७ फेब्रुवारी

आज मी स्वतःची चिठ्ठी लिहिली. डाव्या हाताने.

राजरत्न ऑफिसात, लेक सुरुची कोचिंगला. ड्रॉवरमध्ये सिग्नलच्या जुन्या मेमोंचा गठ्ठा आहे. नमुना बदलला तेव्हा यांनी आणि कौशिकने वाटून घरी आणला होता. त्यातला एक कागद घेतला. हिंदीत लिहायचं ठरवलं होतं, पण हिंदीत ते शब्द मला माझे वाटेनात. मराठीत लिहिलं:

"दोन वर्षांपासून संबंधाच्या वेळी आग होते, दुखतं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, तुझं वय झालं. तेव्हापासून तो पाठ करून झोपतो. मला अजून इच्छा होते. माझं काही चुकतंय का?"

डब्यात टाकण्याआधी दाराला कडी घातली. स्वतःच्या घरात, स्वतःच्याच डब्यात.

बुधवार, १९ फेब्रुवारी

चौथी चिठ्ठी म्हणून वाचली. आवाज स्थिर ठेवला. हिंदी बायकांसाठी लगेच हिंदीत सांगितलं. "तुझं वय झालं" या वाक्याला हॉलमध्ये कोणीतरी सुस्कारा सोडला.

सुलोचनाताईंनी चष्मा काढला. "जिने लिहिलंय तिने ऐकावं. तुझं काही चुकत नाही. चाळिशीनंतर शरीरातली संप्रेरकं कमी व्हायला लागतात, आतली त्वचा कोरडी आणि पातळ होते. हा आजार नाही, आणि थंडपणा तर नाहीच. पाण्यावर आधारलेली जेली औषधाच्या दुकानात मिळते. तेवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर तपासून लावायचं मलम देतात. तपासणी मात्र करून घे, कधी दुसरंही कारण असतं. आणि नवऱ्याला सांग की तू कोरडी झालीस, संपली नाहीस."

बायका हसल्या. मी पण हसले, आणि चहाची भांडी उचलायला मागे गेले, कारण डोळे भरले होते.

बाकीच्या चिठ्ठ्या फाडल्या. ती एक फाडली नाही. परत डब्यात टाकली. माझीच तर आहे, म्हटलं. पण शब्द सगळ्यांना दिला होता, आणि त्यात माझी वगळली नव्हती.

शनिवार, २२ फेब्रुवारी

कॉलनीच्या दुकानात जेली मागायची हिंमत झाली नाही. ऑटो करून लांब सी-स्कीमच्या बाजारात गेले. काउंटरवरच्या मुलीने नाव ऐकून सरळ काढून दिली, जशी खोकल्याची बाटली देतात तशी. एवढंच होतं.

कपाटात साड्यांच्या मागे ठेवली आहे. राजरत्नना सांगायला शब्द जुळवते आहे.

रविवार, २ मार्च

सकाळची वंदना झाल्यावर राजरत्न खुशीत होते. "मॅडम, तुमची संसद काय म्हणते? किती ठराव पास झाले?"

"आतलं बाहेर सांगायचं नाही, असा नियम आहे."

"अरे वा. मतलब नवऱ्यांवरच चर्चा असणार."

पण विचारतात तरी. इतर नवरे विचारतही नाहीत. दुपारी सुरुचीला घेऊन लॅपटॉपवर बसले होते, दोघं फिदीफिदी हसत होते. मी आत गेले तर सुरुची म्हणाली, "आई, तू जा ना, सीक्रेट आहे." होळी जवळ आली. ऑफिसात दरवर्षी होळीच्या आदल्या दिवशी प्रत्येकाला एकेक उपाधी देतात, दोन ओळींची थट्टा, लिहिणाऱ्याचं नाव गुप्त. मागच्या वर्षी यांनीच लिहिल्या होत्या, यमकं मी जुळवून दिली होती. यंदा म्हणाले, "मी नाही, यंदा दुसरंच कोणी लिहितंय." बापलेकीचं काय चाललंय कोण जाणे. माझ्या वाढदिवसाचं असेल.

शनिवार, ८ मार्च

महिला दिनाला यांचं भाषण. मीच लिहून दिलं होतं. एक वाक्य त्यांनी मनाने घातलं: "मेरी पत्नी कॉलोनी की बहनों के लिए जो काम कर रही हैं, उस पर मुझे गर्व है." टाळ्या पडल्या. मी मान खाली घातली, पण ते वाक्य दिवसभर अंगावर शालीसारखं होतं.

आजच जेलीबद्दल सांगणार होते. घरी येईपर्यंत ते दमले होते.

गुरुवार, १३ मार्च

काहीतरी भयंकर झालं आहे.

दुपारी चार वाजता अश्लेषा दार ढकलून आत आली. मोबाईल पुढे धरला. उपाध्यांचा कागद, कोणीतरी फोटो काढून पाठवलेला. कौशिकच्या नावापुढे:

"सिग्नल हरा, पर गाड़ी आउटर पर खड़ी;
मैडम ने डिब्बे में अर्ज़ी धरी."

"ताई, हा कुठला डबा?"

मी फोटो मोठा करून पुन्हा वाचला.

"सगळे हसले म्हणे. एकाने तर शिट्टी मारली. हे घरी येऊन मला विचारतात, तिथे माझ्याबद्दल काय लिहून दिलंस? मी म्हटलं, मी काही लिहिलं नाही. म्हणतात, सिग्नलच्या कागदावर मराठीत चिठ्ठी होती, सगळ्यांना माहीत आहे. मराठी घरं आमच्या विभागात दोन. मग दुसरं कोण?"

"मी कोणाला एक शब्द सांगितला नाही. शपथ घेते, अश्लेषा."

"मग चिठ्ठ्या कोणाकडे असतात?"

ती गेल्यावर डबा उघडला. चिठ्ठी होती तिथेच होती, चार घड्यांची. मी तीन घड्या घातल्या होत्या असं वाटतं. पण खात्री नाही.

ती माझी आहे, हे मला तेव्हाच तिला सांगता आलं असतं. तोंडात आलं होतं. पण तसं म्हटलं की आउटरवर उभी असलेली गाडी राजरत्नची होते. ऑफिसात ते सगळ्यांना सांभाळून असतात. त्यांची अब्रू मी कशी काढू? आधी चिठ्ठीची गोष्ट कोणी फोडली ते शोधते.

शुक्रवार, १४ मार्च

धुळवड. कॉलनीत रंग, ढोल, डब्यांतून गुजिया. समोरचं दार बंद. राजरत्न म्हणाले, "कौशिक जरा जास्तच मनाला लावून घेतो. होळी आहे, यार."

मी विचारलं, ही उपाधी कोणी लिहिली असेल?

"कळत नसतं ते. तीच तर मजा."

मंगळवार, १८ मार्च

चिठ्ठी वाचली तेव्हा कागद सुलोचनाताईंच्या समोर होता. पाठची बाजू त्यांच्याकडे होती. त्यांची रेल्वेतली ओळख जुनी, निम्मे कारकून त्यांच्या हातावर जन्मलेले. त्यांच्या तोंडून सहज निघालं असेल? हा विचार करताना मला माझीच घृणा येते, पण दुसरं कोण?

अश्लेषा आज जिन्यात भेटली, बोलली नाही. भाजी घेताना आमच्या बैठकीतल्या भरतपुरवाली भाभींनी मला बाजूला घेऊन सांगितलं की कौशिक तिला काही दिवस मिरजेला धाडणार आहे. "पास बनवा लिया है. कह रहा था, माँ के घर रहकर अक्ल आएगी."

आता बोलायला हवं. आजही बोलले नाही.

बुधवार, १९ मार्च

हॉलमध्ये तिघी. डबा रिकामा.

बाकीच्या गेल्यावर मी सुलोचनाताईंना विचारलं. आडून आडून विचारायचा प्रयत्न केला, पण त्या काय कच्च्या?

"म्हणजे मी फोडलं, असं म्हणायचंय तुला?"

"तसं नाही, पण..."

"चौतीस वर्षं लेबर रूममध्ये काढली, बाळ. बायका वेणा देताना काय काय बोलून जातात, कोणाचं नाव घेतात, तुला कल्पना नाही. मला त्यातलं एकही नाव आठवत नाही. आठवायचंच नाही, हे मी शिकले." त्यांनी पर्स उचलली. "डबा रात्रंदिवस कुठे असतो?"

"माझ्या स्वयंपाकघरात."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं," आणि गेल्या.

त्यांचं ते "बरं" मला आवडलं नाही.

शुक्रवार, २१ मार्च

सुरुचीला पोळी वाढत होते. तिने सहज विचारलं, "आई, आउटर मतलब काय?"

"स्टेशनच्या बाहेरचा सिग्नल. गाडीला आत यायला जागा नसली की तिथे थांबवतात. का गं?"

"असंच. मला तो जोक समजलाच नव्हता, मतलब मी फक्त टाईप केला."

"कुठला जोक?"

"टायटलचे सगळे. बाबा बोलत होते, मी टाईप करत होते. दे प्रॉमिस, त्यांना सांगू नको. सीक्रेट होतं."

मी दुसरी पोळी वाढली. तूप लावलं. ती जेवून उठेपर्यंत मी उभीच होते.

शनिवार, २२ मार्च

जसं झालं तसं लिहिते. माझ्या बाजूने रंगवायचं नाही.

सुरुची कोचिंगला गेल्यावर मी डबा त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला. म्हटलं, "यात हात का घातला?"

आधी म्हणाले, बिस्किटं असतील वाटलं. मग स्वतःच हसले. "बरं, घातला. एकच तर चिठ्ठी वाचली. मी काय बाईचं नाव घेतलं? सिग्नलचा कागद, मराठीत, एवढंच एकाच्या कानावर घातलं. होळीची थट्टा आहे ती. तुला माहीत आहे होळीत काय काय लिहितात."

"अश्लेषाला तो मिरजेला धाडतो आहे."

"ते त्याचं डोकं. आणि बाईनेही विचार करायला हवा होता ना. असलं लिहून कोणी देतं? बिचारा कौशिक. मला तर वाचून त्याची दया आली."

"ती अश्लेषाचीच, हे कशावरून?"

"सोपं आहे. आमच्या मेमोवर, मराठीत. सिग्नलमध्ये मराठी घरं दोन. एक आपलं. राहिलं कोण?"

ते अजून हसतच होते. गणित सुटल्यावर हसतो तसं.

मी म्हटलं, "आपलं."

त्यांना कळायला वेळ लागला. कळल्यावर चेहऱ्यावर जे आलं ते मी इथे लिहू शकत नाही, मला ते नीट ओळखता आलं नाही. म्हणाले, "अक्षर तुझं नाही."

"डाव्या हाताचं आहे."

"मी असं कधी म्हणालो? वय झालं वगैरे?"

"मागच्या वर्षी, सुरुचीचा दहावीचा निकाल लागला त्या आठवड्यात. पाणी प्यायला उठलात आणि म्हणालात."

त्यांना आठवत नव्हतं. खोटं बोलत नव्हते, खरंच आठवत नव्हतं. ते वाक्य घेऊन मी इतके दिवस झोपले, आणि ते त्यांनी पाण्याच्या ग्लासासारखं ठेवून दिलं होतं. तेच वाक्य कागदावर वाचूनही त्यांना ते दुसऱ्या नवऱ्याचं वाटलं. त्याची दया आली.

डब्याचं झाकण लावून म्हणाले, "हे बघ, आता तू काही बोलू नकोस. आठवड्याभरात विसरतात लोक. माझ्या हाताखाली चौदा माणसं आहेत, मयूरी."

नऊ दिवस मी त्यांच्याच अब्रूसाठी गप्प बसले होते. त्यांनी तेच मागितलं, तेव्हा मात्र मला ते देता येईना.

बुधवार, २६ मार्च

हॉलमध्ये अकरा जणी. काय होतंय ते बघायला आलेल्याही होत्या. अश्लेषा नव्हती.

मी उभी राहिले. हिंदीत बोलायचं ठरवलं, म्हणजे कोणाला माझ्यासाठी दुसऱ्यांदा सांगावं लागू नये. "ज्या चिठ्ठीवरून होळीत कौशिकजींची थट्टा झाली ती चिठ्ठी अश्लेषाची नव्हती. माझी होती. दुखणं माझं आहे, प्रश्न माझा होता. चिठ्ठी फाडायचा शब्द मी मोडला, आणि ती माझ्या घरातून बाहेर गेली." कोणी नेली ते सांगितलं नाही. त्यांना कळायला वेळ लागणार नाही, हे माहीत होतं. मग न सांगण्याला काय अर्थ होता? विचार करते आहे.

मग भरतपुरवाली भाभी म्हणाल्या, "दीदी, नाम क्यों बता दिया? यहाँ तो आधी कॉलोनी का यही हाल है."

"आधी नहीं, पूरी," मागून कोणीतरी म्हटलं. हसू फुटलं. मी नाही हसू शकले.

तिथून सरळ अश्लेषाच्या दारात. बातमी माझ्याआधी पोचली होती. कौशिक आत टीव्हीसमोर होता, मान वळवली नाही. अश्लेषाने दार अर्धंच उघडलं.

"अश्लेषा, ती माझी..."

"कळलं. आत्ताच भाभींचा फोन आला." तिचा आवाज शांत होता. "मी छत्तीसची आहे, ताई. मला कोण म्हणेल वय झालं? एवढंही कोणाच्या डोक्यात आलं नाही. यांच्यासुद्धा." मग म्हणाली, "तुम्हाला कधी कळलं, की सगळे तुमची चिठ्ठी माझ्या नावावर टाकताहेत?"

"तू मोबाईल दाखवलास तेव्हा."

"होळीच्या आदल्या दिवशी." तिने बोटांवर मोजलं नाही, मनातच मोजलं. "तेरा दिवस. तेरा दिवस मी या घरात काय ऐकलं, ते तुम्हाला समोरून ऐकू येत होतं ना?"

येत होतं. भिंती रेल्वेच्या आहेत, पातळ.

"राजरत्नदादांनी थट्टा केली. त्यांना माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं."

दार तिने आपटलं नाही. हळूच लावलं.

रविवार, ३० मार्च

राजरत्न म्हणाले की त्यांनी कौशिकला कॅन्टीनमध्ये चहा पाजला आणि "मिटवलं". उपाधी लिहिली हे सांगितलंत का? "त्याला कळलंच असेल की." ऑफिसात आता यांच्या पाठीमागे कोणी शिट्टी वाजवतं म्हणे. मला वाईट वाटलं. का वाटलं, ते मला आवडलं नाही.

शुक्रवारी स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे जाऊन आले. तपासणी ठीक. लावायचं मलम दिलं. त्यांनी विचारलं, "पतीला बरोबर नाही आणलं?" मी म्हटलं, हे माझ्यासाठी आहे. चालतानाही आग व्हायची, ते मी चिठ्ठीत लिहिलंच नव्हतं. जणू जे नवऱ्याला लागत नाही ते दुखणंच नव्हे.

कौशिकने पास परत केला की नाही, कळत नाही. विचारायचा हक्क राहिला नाही.

बुधवार, २ एप्रिल

नवा नियम केला. वहीची कोरी पानं मी सारख्या आकारात कापून नेली. हॉलमध्येच लिहायचं, प्रत्येकीने लिहायचं. प्रश्न नसेल तिने भाजीचं नाव लिहायचं, म्हणजे कोण लिहितंय ते दिसणार नाही. उत्तर झालं की तिथेच फाडायचं. डबा हॉलच्या कपाटात राहील, किल्ली सुलोचनाताईंकडे. मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "किल्ली दे इकडे."

चौदा जणी. साडेतीन वाजता दार वाजलं. अश्लेषा. ती गेली नव्हती. माझ्याकडे न बघता आली, दारालगतच्या सतरंजीवर बसली.

मी कागद वाटत होते. तिने घेतला नाही. पर्समधून स्वतःचा काढला, दुमडलेला. सिग्नलचा मेमो. पाठची बाजू लपवायचा प्रयत्न नव्हता.

मी डबा पुढे केला.

ती उठली, माझ्या बाजूने पुढे गेली आणि कागद सुलोचनाताईंच्या हातात दिला. ताईंनी उघडून पाहिला. "नाव लिहिलंयस तू."

"हो. आता लिहूनच देणार."

डबा माझ्या हातात तसाच पुढे धरलेला होता. मग भरतपुरवाली भाभींनी आपली चिठ्ठी त्यात टाकली, आणि मी तो पुढच्या बाईकडे नेला.